ललिता पवार यांच्या चेहऱ्याविषयी

मा. संपादक महोदय यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुन्या हिंदी चित्रपटांतील चरित्र अभिनेत्रींविषयी नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे आणि दुर्गाबाई खोटे, लीला चिटणीस यांच्यावरील मजकूर वाचून मला आनंद झाला. ललिता पवार यांच्या वाट्याला मात्र त्यात एकच परिच्छेद आला असून तो चित्रीकरणातल्या थपडेने सुरू होतो आणि दूरदर्शनवरच्या मंथरेपाशी संपतो. त्या थपडेमुळे एका सुंदर नायिकेचा डोळा गेला आणि म्हणून ती पडद्यावरची खाष्ट सासू झाली, असा त्या परिच्छेदाचा एकूण सूर आहे. गेली तीस-पस्तीस वर्षे ललिताबाईंविषयी जे जे छापून येते, ते बहुतेक याच क्रमाने आणि याच शब्दांत येते. त्या क्रमाबद्दल माझे काही म्हणणे आहे आणि ते मी माझ्या व्यवसायातल्या अनुभवाच्या आधारे मांडू इच्छिते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात पेठेतल्या एका छोट्या दवाखान्यात मी छत्तीस वर्षे काम केले आणि आता निवृत्त होऊन औंधमध्ये राहते. चेहऱ्याच्या लकव्याचे कितीतरी रुग्ण माझ्या हाताखालून गेले. आपल्याकडे या दुखण्याला ‘तोंडावरून वारं गेलं’ असे म्हणतात आणि अजूनही कित्येक घरांत डॉक्टरकडे नेण्याआधी चार-आठ दिवस तेल चोळण्यात आणि शेकण्यात घालवले जातात. (या निमित्ताने एवढे सांगून ठेवते, की बहुतेक रुग्णांच्या बाबतीत पहिल्या बहात्तर तासांत औषध सुरू होणे फार मोलाचे असते.) चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूच्या हावभावांसाठी एकच मुख्य नस असते. कपाळाला आठ्या घालणे, डोळा मिटणे, गाल फुगवणे, शीळ घालणे, ओठांचा कोपरा वर उचलून हसणे ही सारी कामे ती करते. तिला इजा झाली, की रुग्णाला चहा पिता येत नाही, कारण घोट ओठांच्या कोपऱ्यातून गळतो. रात्री डोळा उघडा राहतो, म्हणून त्यावर पट्टी लावावी लागते. आणि सर्वांत मोठे म्हणजे, माणूस आरशात पाहायचे टाळू लागतो. आमच्या उपचारांचा निम्मा भाग आरशासमोर बसून करायचा असल्यामुळे तिथेच गाडी अडते.

सन १९८८ च्या सुरुवातीची गोष्ट आहे. मी नुकतीच व्यवसायात पडले होते. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचे आणि त्या वेळेत लक्ष्मी रस्त्यावरसुद्धा शुकशुकाट व्हायचा, हे त्या काळातल्या पुणेकरांना आठवत असेल. मंडईत पालेभाजी विकणाऱ्या चाळिशीच्या एक बाई माझ्याकडे उपचारांना येत असत. सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळून गेले, तेव्हा त्यांना आपल्याला काय झाले आहे ते कळले होते. त्या तोंडाला पदर लावूनच आत यायच्या, पदर लावूनच बसायच्या आणि मी आरसा पुढे केला की मान फिरवायच्या. गिऱ्हाईक आपल्याकडे पाहून पुढच्या गाळ्यावर जाते, असे त्या म्हणत. त्यांना धीर यावा म्हणून एके दिवशी मी त्यांना ललिता पवारांची गोष्ट सांगितली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडूनही या बाई खचल्या नाहीत, पुढे चाळीस-पन्नास वर्षे काम करत राहिल्या, आताही रामायणात आहेत, असे मी मोठ्या उत्साहाने बोलले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ती मंथरा व्हय? मंग ताई, तोंड वाकडं झालं की वाईट बायकांचीच कामं मिळायची का हो?”

मला उत्तर देता आले नाही. मी विषय बदलला आणि त्यांच्या गालावर करंट लावायला घेतला. त्या एका प्रश्नाने मी ललिता पवारांचे चित्रपट पुन्हा पाहायला लागले. जवळच्या दुकानातून व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणायची, रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर लावायची आणि त्यांचा चेहरा जवळून दिसला की चित्र थांबवायचे, असे मी कित्येक महिने केले. थांबवलेल्या चित्रावर पांढऱ्या रेघा थरथरत असत आणि त्या रेघांमधून मी व्यवसायाच्या सवयीने कपाळ, भुवई, पापणी, गाल, ओठ असे पाहत जात असे. त्यानंतरही, पुढे सीडी आल्या, मोबाइल आला तरी, हे पाहणे मी सोडलेले नाही. त्यातून जे कळले ते लिहिते. आणि त्याआधी त्यांच्या आयुष्याची जी बाजू आपल्या लेखात आली नाही ती थोडक्यात सांगते, कारण ती या पुण्याशी निगडित आहे.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी येवल्यात झाला. माहेरचे नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. येवल्याची ही मुलगी चित्रपटात आली ती पुण्यात. नानासाहेब सरपोतदार यांनी पुण्यात आर्यन फिल्म कंपनी काढली होती आणि तिथे, अवघ्या बारा वर्षांच्या वयात, १९२८ च्या सुमारास त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात काम केले. लक्ष्मी रस्त्यावरचे पूना गेस्ट हाऊस आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. ते १९३५ साली सुरू करणारे नानासाहेब तेच. तिथे थालीपीठ खाताना या शहरात एके काळी मूकपट तयार होत असत, याची आठवण किती जणांना होते, हे मला माहीत नाही. मला मात्र दर वेळी होते.

पुढची दहा-बारा वर्षे ललिताबाई नायिका होत्या, आणि नुसत्या नायिका नव्हत्या. ‘कैलास’ या १९३२ च्या मूकपटात त्यांनी तीन भूमिका केल्या आणि त्या चित्रपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. बोलपट आल्यावर त्या पडद्यावर स्वतःच्या आवाजात गायल्या. १९३५ च्या ‘हिम्मत-ए-मर्दां’मध्ये त्यांची गाणी होती. त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी टॉलस्टॉय यांच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवरून ‘दुनिया क्या है’ हा बोलपट स्वतः निर्माण केला. विशीतली एक मराठी स्त्री त्या काळात रशियन कादंबरी निवडते, त्यावर पैसा लावते आणि त्यातली मुख्य भूमिका करते, ही गोष्ट माझ्या मते त्या थपडेपेक्षा अधिक सांगण्यासारखी आहे. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये (१९३९) त्या होत्या आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवरच्या, मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अमृत’मध्येही (१९४१) होत्या. म्हणजे १९४२ साली जेव्हा तो अपघात झाला, तेव्हा त्यांच्यामागे चौदा वर्षांचे काम होते आणि त्या सव्वीस वर्षांच्या होत्या.

अपघाताची हकीकत सर्वांना माहीत आहे, म्हणून मी ती लांबवत नाही. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांना त्यांच्या तोंडात मारायची होती आणि तडाखा जोरात बसला. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला इजा झाली, पुढे सुमारे तीन वर्षे उपचार चालले आणि डोळ्यातला दोष कायमचा राहिला. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. भगवानदादांचे नाव घेऊन आजही काही जण ज्या भाषेत लिहितात, ती मला पटत नाही.

मला लक्ष वेधायचे आहे ते या तीन वर्षांकडे. उपचार चालू असतानाच, १९४४ साली, प्रभात फिल्म कंपनीचा ‘रामशास्त्री’ आला आणि त्यात ललिताबाई आनंदीबाई झाल्या. अपघातानंतर त्या घरी बसल्या आणि मग लाचारीने आईच्या, सासूच्या भूमिका स्वीकारू लागल्या, या नेहमीच्या कथेत हा चित्रपट बसत नाही. चेहरा पुरता सावरलेला नसताना त्यांनी मराठी माणसाला पाठ असलेली स्त्री उभी केली. नारायणराव पेशव्यांना धरण्याच्या हुकुमात ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई शनिवारवाड्याजवळून जाणाऱ्या शाळकरी मुलालाही माहीत असते. तिच्याविषयी प्रेक्षकाच्या मनात दया असण्याचे काही कारण नव्हते. चित्रपट तयार झाला तो लॉ कॉलेज रस्त्यावरच्या प्रभातच्या स्टुडिओत, जिथे आज फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे. ती आनंदीबाई पाहताना मी व्यवसायाने शिकलेली सगळी चिन्हे शोधत होते आणि मला सापडली ती एक बुद्धिमान, महत्त्वाकांक्षी बाई, जिला आपण काय करतो आहोत हे नीट कळते. त्या भूमिकेतली भीती बाईंच्या डोळ्यातल्या दोषामुळे निर्माण झालेली नाही. ती संवादाआधीच्या स्तब्धतेतून येते.

इथे मला थोडे तांत्रिक सांगावे लागेल. मी ललिताबाईंना कधी तपासलेले नाही आणि पडद्यावर पाहून निदान करण्याचा अधिकार मला नाही. पण माझ्या रुग्णांमध्ये मी जे पाहिले ते असे : इजा झालेली नस पुन्हा वाढते तेव्हा कधी कधी तिच्या तंतूंची वाट चुकते. ओठांकडे जायचे तंतू डोळ्याभोवतीच्या स्नायूला जाऊन मिळतात आणि मग रुग्ण हसायला गेला की त्याचा डोळा आपोआप बारीक होतो, किंवा डोळा मिटायला गेला की ओठ ओढला जातो. असा माणूस मनमोकळेपणाने हसला तरी समोरच्याला तो डोळा मारतो आहे, किंवा काहीतरी कावा करतो आहे, असे वाटते. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षकाला वर्गातल्या मुलींसमोर हसायची चोरी झाली होती. चेहऱ्याचा हा दोष माणसाच्या हेतूविषयी खोटे सांगतो, आणि आयुष्यभर सांगत राहतो. बारीक झालेल्या डोळ्याला आपण सारे लबाडीचे लक्षण समजतो, कारण गोष्टींमध्ये आणि सिनेमांमध्ये आपल्याला तेच शिकवले गेले आहे. दुष्ट माणूस काणा असतो, लंगडा असतो, कुबडा असतो. मंडईतल्या त्या बाईंचा प्रश्न याच शिकवणीतून आला होता.

ललिताबाईंपुढे दोन मार्ग होते. डोळा लपवायचा, म्हणजे कॅमेऱ्यासमोर नेहमी उजवी बाजू ठेवायची आणि मिळतील तेवढी कामे करायची, हा एक. दुसरा म्हणजे डोळा पुढे आणायचा आणि तो आपल्याला हवा तेव्हा हवे ते बोलेल अशी तयारी करायची. त्यांनी दुसरा मार्ग धरला. व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मध्ये (१९५०) हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू त्यांनी केली, तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. तिथे तो डोळा किंचित मिटतो आणि समोरच्या मुलीच्या अंगावरच्या दागिन्यांची किंमत करतो. प्रेक्षक तिथे त्यांचा द्वेष करतात हे खरे आहे, आणि ते त्यांच्या कामाचे यश आहे. आपल्या घराघरांत ‘आमची सासू म्हणजे ललिता पवार’ हे वाक्य रूढ झाले ते अशा भूमिकांमुळे. पण त्याच वर्षांमध्ये त्या ‘दाग’मध्ये (१९५२) दारूच्या आहारी गेलेल्या मुलाची सोशिक आई होतात. दिलीपकुमार त्यांचा मुलगा आहे. तिथे तोच डोळा आहे, तेवढाच बारीक आहे आणि त्यात कपटाचा लवलेश नाही.

‘श्री ४२०’मधली (१९५५) फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई मला विशेष जवळची वाटते, त्याचे कारण उघड आहे. मी तो प्रसंग मंडईतल्या बाईंना डोळ्यांसमोर ठेवूनच पाहिला. राज कपूर नवखा, मुंबईत नुकताच आलेला. तो भाव करतो आणि गंगामाई त्याच्याशी हुज्जत घालते. ललिताबाई राज कपूर यांच्यापेक्षा अवघ्या आठ वर्षांनी मोठ्या होत्या, तरी ही बाई फुटपाथवर सगळ्यांची आई होऊन बसलेली आहे, यावर आपला विश्वास बसतो. ती टोपलीशी ज्या पद्धतीने बसते, पदर खोचते, आवाज चढवते आणि लगेच निवळते, ते पाहताना मला दर वेळी वाटते, की कोणीतरी आपल्या मंडईत सकाळी सहाला येऊन, गाळ्यासमोर उभे राहून हे टिपून नेले असावे. बोलताना त्यांचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा हलत नाही. खरे म्हणजे कष्टाने रापलेला कोणताच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, आणि म्हणूनच गंगामाई खरी वाटते.

आणि ‘अनाडी’ (१९५९). हृषीकेश मुखर्जी यांच्या या चित्रपटातली मिसेस डीसा ही ललिता पवारांची सर्वश्रेष्ठ भूमिका आहे, असे माझे ठाम मत आहे. बेकार, साध्या भाडेकरूला तोंडाने सतत रागावणारी आणि मनाने त्याला पोटचा मुलगा मानणारी ही ख्रिस्ती घरमालकीण साकारताना ललिताबाईंनी एक अवघड गोष्ट केली आहे. रागावणे आणि माया या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी चेहऱ्यावर ठेवल्या आहेत. ओठ रागावतात, आवाज रागावतो आणि तो बारीक झालेला डावा डोळा हसतो. मी वर ज्या दोषाविषयी लिहिले, हसायला गेले की डोळा मिटणे, तो इथे प्रेमाची खूण झालेला आहे. मी हे चित्र कितीदा थांबवून पाहिले असेल याची गणती नाही. पुढे श्रीमंत मालकाच्या कारखान्यातल्या सदोष औषधाने मिसेस डीसाचा मृत्यू होतो आणि आळ त्या भोळ्या मुलावर येतो. मिसेस डीसा गेल्यानंतर चित्रपटात जी पोकळी जाणवते, ती नायक-नायिकेच्या विरहातही जाणवत नाही. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. मिसेस डीसा ज्या वर्षी आली, त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये त्यांनी अस्पृश्य मानलेल्या मुलीचा विटाळ मानणारी कर्मठ वृद्धा केली. एका वर्षात, एकाच चेहऱ्याने, एकीकडे परक्या मुलाला पोटाशी धरणारी आणि दुसरीकडे घरात वाढलेल्या मुलीला दूर लोटणारी बाई. हे दोन चित्रपट जर कोणी लागोपाठ पाहिले, तर डोळ्यामुळे खलनायिका झाली हे वाक्य त्याला पुन्हा लिहिता येणार नाही.

विनोदाविषयी मी फार लिहीत नाही, तरी दोन चित्रपटांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ‘जंगली’मध्ये (१९६१) त्या घरात हसायला बंदी करणारी आई आहेत. ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) त्या अत्यंत कडक शिस्तीची पालक बाई आहेत आणि म्हाताऱ्या शिक्षकाच्या वेषात आलेल्या शम्मी कपूर यांच्यावर तिचा जीव जडतो. या दुसऱ्या भूमिकेत प्रौढ स्त्रीची चेष्टा करून प्रेक्षकांना हसवणे सोपे होते. ललिताबाईंनी तिचे लाजणे इतके खरे ठेवले आहे, की हसता हसता आपल्याला तिच्या एकटेपणाची जाणीव होते. ‘आनंद’मधली (१९७१) दवाखान्यातली मेट्रन तर सर्वांच्या लक्षात आहेच. हृषीकेश मुखर्जींनी तिचेही आडनाव डीसा ठेवले, आणि जुन्या प्रेक्षकांना त्याचा अर्थ बरोबर कळला असेल.

राहिली मंथरा. १९८७-८८ च्या त्या मालिकेमुळे ललिता पवार हे नाव एका संपूर्ण नव्या पिढीपर्यंत पोहोचले, आणि केवळ तेवढ्यापुरते पोहोचले. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. ती मंथरा त्यांनी उत्तमच केली आहे. कैकेयीच्या कानाशी लागताना आवाज कसा उतरत जातो ते ऐकावे. पण साठ वर्षांच्या कारकिर्दीतली ती शेवटाकडची भूमिका होती. तीच पहिली आणि एकमेव ओळख व्हावी, हे मला अन्यायाचे वाटते. हा अन्याय कोणी ठरवून केलेला नाही. तो सवयीने होतो, आणि छापील शब्द त्या सवयीला बळ देतो, म्हणूनच हे पत्र.

आता एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. ललिताबाई आयुष्याच्या उत्तरकाळात पुण्यात, औंधमध्ये राहत होत्या. मीही १९९३ पासून याच भागात राहते. रुग्णांना ज्यांचे नाव घेऊन धीर द्यायचा, त्या बाई हाकेच्या अंतरावर आहेत, हे माहीत असूनही मी एकदाही त्यांच्या दारी गेले नाही. प्रसिद्ध माणसाला त्रास कशाला द्यायचा, असा संकोच होता; उद्या जाऊ, असा आळसही होता. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी त्या औंधमधल्या त्यांच्या घरी वारल्या. त्या वेळी घरात त्यांच्याजवळ कोणी नव्हते आणि लोकांना ते कळायलाही वेळ लागला. वर्तमानपत्रात ती बातमी वाचून मी दवाखान्यात गेले आणि त्या दिवशी माझ्याकडून नीट काम झाले नाही. ज्या शहरात बारा वर्षांची अंबा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, त्याच शहरात ललिता पवारांचा शेवट झाला. आणि त्या शहराकडे आज त्यांची आठवण म्हणून, माझ्या पाहण्यात तरी, काहीही नाही.

मंडईतल्या त्या बाईंचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. ‘अनाडी’ची कॅसेट मी एका दुपारी दवाखान्यात लावली. शेजाऱ्यांकडून टीव्ही आणि व्हीसीआर उसना आणला होता. बाई पदर तोंडाशी धरूनच बसल्या. अर्ध्या चित्रपटानंतर केव्हातरी पदर खाली आला, तो त्यांच्या लक्षात आला नाही आणि मीही काही बोलले नाही. मिसेस डीसाचा मृत्यू झाला तेव्हा त्या रडल्या. रडताना त्यांचा चेहरा एकाच बाजूने आक्रसत होता, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होते. जाताना त्या एवढेच म्हणाल्या, “ही तर मंथरा न्हाईच.” पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःहून आरसा पुढे ओढला. उपचार उशिरा सुरू झाल्यामुळे थोडा वाकडेपणा शेवटपर्यंत राहिला. मात्र त्यानंतर त्या पदराशिवाय गाळ्यावर बसू लागल्या आणि मी कित्येक वर्षे त्यांच्याकडूनच मेथी घेत असे.

संपादक महोदय, यावरून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आणि शहरातल्या चित्रपट मंडळांना आहे. ती आपल्या स्तंभातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी. येत्या १८ एप्रिलला, ललिताबाईंच्या जन्मदिनी, त्यांचे चित्रपट काळाच्या क्रमाने दाखवले जावेत. मूकपटांच्या काळातले जे काही तुकडे किंवा छायाचित्रे शिल्लक असतील ती आधी, मग ‘रामशास्त्री’, मग ‘दहेज’, ‘दाग’, ‘श्री ४२०’, ‘सुजाता’ आणि ‘अनाडी’. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आपण सर्वांनी त्यांचे आयुष्य शेवटाकडून वाचले आहे. ‘रामशास्त्री’ तर ज्या आवारात तयार झाला, तिथेच दाखवता येईल. प्रवेश विनामूल्य असल्यास शहरातल्या फिजिओथेरपी विभागांतून चेहऱ्याच्या लकव्याच्या रुग्णांना घेऊन येण्याची जबाबदारी मी आणि माझ्या काही सहकारी आनंदाने घेऊ.

दुसरी विनंती आपल्या पुरवणीला आहे. परवाच्या लेखासोबत मंथरेचे छायाचित्र छापले होते आणि त्याखाली डोळ्याचा उल्लेख होता. लकवा झालेली एखादी मुलगी, जिचे लग्न ठरायचे आहे, किंवा एखादा शिक्षक, जो वर्गात हसायला घाबरतो, आपले वर्तमानपत्र वाचत असतो, हे कृपया लक्षात असू द्यावे. पुढच्या वेळी ललिता पवार यांच्याविषयी काही छापाल, तेव्हा छायाचित्र मिसेस डीसाचे घ्यावे, आणि ते जवळून घेतलेले असावे, म्हणजे डावा डोळा नीट दिसेल.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट,
औंध, पुणे